शेजारच्या माळावर खडीची खाण येतेय? वन्यजीवांचा अधिवास वाचवण्यासाठी काय, कधी आणि कुठे करायचं

पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा या पट्ट्यातल्या माळरानांवर डबर, खडी आणि मुरमाच्या खाणींचे प्रस्ताव सतत येत असतात. दगड वर आलेला असतो, जमीन स्वस्त असते आणि सातबाऱ्यावर ती ‘पोटखराब’, ‘पडीक’ किंवा ‘गायरान’ म्हणून नोंदलेली असते. त्याच जमिनीवर लांडगा, खोकड, तरस, चिंकारा हे प्राणी आणि धाविक, पखुर्डी, चंडोल हे पक्षी राहतात. कागदावर त्यांचा उल्लेख नसतो म्हणूनच खाण सोपी होते. त्यामुळे बहुतेक काम एकच आहे: या प्राण्यांची नोंद योग्य गट नंबरासह, योग्य तारखेच्या आत, योग्य टेबलावर पोचवणं. प्रक्रियेतल्या प्रत्येक टप्प्याला मुदत असते. ती चुकली की उत्तम पुरावाही फाइलबाहेर राहतो.

हा लेख पहिल्यांदाच या कामात उतरणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं माळरानाची आहेत, पण पायऱ्या कोकणातल्या सड्यावर किंवा विदर्भातल्या झुडपी जंगलालगतही जवळपास याच राहतात.

१. आधी जागा नक्की करा

‘डोंगरापलीकडे खाण येतेय’ एवढ्यावर कोणताही अर्ज लिहू नका. गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश हवेत. गट नंबर तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा ग्रामपंचायतीत कळतो. गावनकाशा ‘महाभूनकाशा’वर दिसतो. कोपऱ्यांचे बिंदू पर्यावरण मंजुरीच्या अर्जात आणि खाणकाम आराखड्यात दिलेले असतात.

हे बिंदू गूगल अर्थमध्ये टाका आणि गावनकाशाशी ताडून पाहा. कधी अर्जातले बिंदू भलत्याच गटात पडतात, कधी खाण शेजारच्या वनजमिनीत शिरते. दोन्ही गोष्टी हरकतीसाठी महत्त्वाच्या आहेत. मग खाणीच्या हद्दीपासून तीन वर्तुळं काढा.

५०० मीटर: एवढ्या अंतराच्या आत दुसरी खाण असेल तर त्या एकत्र मोजल्या जातात, त्याला क्लस्टर म्हणतात. एकेक खाण साडेचार हेक्टरची दाखवायची आणि शेजारी शेजारी चार घ्यायच्या, हा जुना मार्ग आहे. एकत्रित क्षेत्र पाच हेक्टरच्या वर गेलं की पर्यावरण आघात मूल्यांकन (ईआयए) आणि जनसुनावणीचा प्रश्न उभा राहतो. आणि पाच हेक्टरपेक्षा लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागतेच. सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ते स्पष्ट केलं आहे.

१ किलोमीटर: राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ च्या आदेशातही कायम ठेवलं. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. तिथला चिंकारा त्या रेषेत मावत नाही, म्हणून हे अंतर मोजताना गावाच्या मध्यापासून मोजू नका. अभयारण्याच्या हद्दीपासून खाणीच्या हद्दीपर्यंत मोजा.

१० किलोमीटर: ईआयएमध्ये परिसराचा अभ्यास साधारण एवढ्या त्रिज्येत करतात. या वर्तुळात कुठलं राखीव वन, पाणवठा, संरक्षित क्षेत्र येतं याची यादी करा.

माळढोक अभयारण्याच्या परिसरात जास्त काळजी घ्या. १९७९ मध्ये ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचं जाहीर झालं होतं, पुढे सुसूत्रीकरणात सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. त्यामुळे ‘आमचं गाव अभयारण्यात आहे’ ही जुनी समजूत आज खरी असेलच असं नाही. अंतिम अधिसूचनेतली गटांची यादी पाहूनच लिहा. सह्याद्रीच्या बाजूला असाल तर आपलं गाव पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील गावांच्या यादीत आहे का तेही तपासा. केंद्राच्या १३ नोव्हेंबर २०१३ च्या निर्देशांनी त्या क्षेत्रात नव्या खाणी आणि दगडखाणींवर बंदी घातली.

२. प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधा

गौण खनिजाचा (दगड, खडी, मुरूम अशा खनिजांचा) प्रस्ताव ढोबळमानाने असा जातो: जिल्हा सर्वेक्षण अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांच्या खनिकर्म शाखेत अर्ज, मोजणी आणि स्थळपाहणी, खाणकाम आराखडा, राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाची मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, मग पट्टा (खाणीसाठीचा भाडेपट्टा) आणि उत्खनन.

सगळ्यात दुर्लक्षित टप्पा पहिलाच आहे. जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस हरकतींसाठी ठेवावा लागतो आणि अहवाल दर पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो. तुमच्या माळाचं नाव संभाव्य खाणींच्या यादीत इथेच शिरतं. इथे हरकत घेतली तर खर्च एका अर्जाचा, नंतर घेतली तर न्यायाधिकरणाचा. मसुदा आल्याचं कुणी घरी सांगायला येत नाही, म्हणून महिन्यातून एकदा संकेतस्थळ उघडून पाहण्याची जबाबदारी एका माणसाकडे द्या.

पर्यावरण मंजुरीचा अर्ज केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर राज्य आणि जिल्हा निवडून शोधता येतो. अर्ज, खाणकाम आराखडा आणि हद्दीची केएमएल फाइल (गूगल अर्थमध्ये उघडणारा नकाशा) तिथे मिळाली तर लगेच उतरवून घ्या.

३. कागद जमवा

हाताशी असायला हवेत असे कागद:

- खाणीच्या गटाचा आणि लगतच्या गटांचा सातबारा, संबंधित फेरफार
- गावनकाशा आणि मोजणी नकाशा
- खनिकर्म शाखेतला मूळ अर्ज आणि खाणकाम आराखडा
- तलाठी आणि मंडल अधिकाऱ्यांचा स्थळपाहणी अहवाल
- उपवनसंरक्षकांचा अभिप्राय
- ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि त्यामागचा ठराव
- गावाची लोकजैवविविधता नोंदवही
- मागच्या पाच वर्षांतले पशुधन नुकसानभरपाईचे पंचनामे

शेवटचा कागद सोन्यासारखा आहे. लांडग्याने किंवा बिबट्याने मेंढी मारली की वनविभाग पंचनामा करून भरपाई देतो. म्हणजे तुमच्या गावात लांडगा आहे हे सरकारनेच तारखेनिशी लिहून ठेवलेलं असतं. एकीकडे भरपाई आणि दुसरीकडे ‘परिसरात वन्यप्राणी आढळत नाहीत’ असा अहवाल, हा विरोध एका पानावर समोरासमोर मांडला की त्याला उत्तर देणं कठीण जातं.

जे मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. नवखे लोक इथेच अडकतात, आठ कागद एकाच लांबलचक अर्जात मागतात आणि अर्ज परत येतो. प्रत्येक कार्यालयाला वेगळा, छोटा अर्ज करा. ‘माहिती द्यावी’ असं मोघम न लिहिता ‘गट क्रमांक अमुकच्या स्थळपाहणी अहवालाची साक्षांकित प्रत’ असं लिहा. मुदतीत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

४. माळावरचा पुरावा

इथे घाई करू नका. माळरान वर्षभर एकसारखं नसतं. पखुर्डी, टिटवी, धाविक यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, चंडोलांची वीण पावसाळ्याच्या सुमारास जोरात असते, भोवत्या हिवाळ्यात गवतात रात्रथाऱ्याला उतरतात, लांडग्याची पिल्लं हिवाळ्यात बिळापाशी असतात आणि शृंगी घुबड दगडाच्या कपारीत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल अंडी घालतं. जुन्या खाणींच्या कड्यांवरही ते राहतं, त्यामुळे ‘बंद पडलेली खाणच पुन्हा चालू करतोय’ हे उत्तर आलं तरी पाहणी सोडू नका. शक्य असेल तर पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत पाहणी करा. वेळ नसेल तर जो ऋतू हाती आहे त्याची नोंद करा आणि बाकीचे ऋतू अभ्यासलेले नाहीत हे हरकतीत स्पष्ट लिहा.

पद्धत साधी ठेवा. खाणीच्या जागेवरून आणि भोवतालच्या ५०० मीटरच्या पट्ट्यातून प्रत्येकी एक किलोमीटरच्या तीन-चार वाटा ठरवा. त्याच वाटा दर वेळी चाला, सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन तास. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, गट नंबर, प्राणी किंवा खूण, संख्या, नोंद करणाऱ्याचं नाव आणि छायाचित्राचा क्रमांक. छायाचित्रात मोजपट्टी ठेवा. फोनमधली मूळ फाइल जपा, कारण व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो ठिकाण आणि वेळेची माहिती गमावतो. पक्ष्यांच्या याद्या ईबर्डवर आणि इतर नोंदी आयनॅचरलिस्टवर टाकल्या तर तारखेचा स्वतंत्र पुरावा तयार होतो.

काय सिद्ध होतं आणि काय होत नाही हे ओळखा. लांडग्याचा ठसा आणि मोठ्या कुत्र्याचा ठसा यांत फरक करणं तज्ज्ञालाही अवघड जातं. केवळ ठशावर उभी केलेली हरकत खाणवाल्यांचा सल्लागार एका वाक्यात मोडतो. लांडग्यासाठी स्पष्ट छायाचित्र, ट्रॅप कॅमेऱ्याची (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची) नोंद किंवा भरपाईचा पंचनामा हवा. तरसाची विष्ठा हाडं खाल्ल्यामुळे वाळल्यावर पांढरी, खडूसारखी दिसते, ती चांगली खूण आहे. खोकडाच्या बिळाला अनेक तोंडं असतात. बीळ वापरात आहे हे ताजी माती, विष्ठा आणि भक्ष्याचे अवशेष यांवरून दाखवा. ट्रॅप कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर, प्राण्यांच्या वाटेला तिरपा लावा. खाजगी जमिनीत मालकाची लेखी संमती घ्या, वनजमिनीत वनविभागाची परवानगी. ड्रोन नको. परवानगीची अडचण आहेच, शिवाय घरट्यावरचा पक्षी उठतो.

मेंढपाळांशी बोला. धनगर वाड्यांना कुठल्या नाळीत लांडगी दरवर्षी वितेल हे ठाऊक असतं. पण त्यांची माहिती घेताना ती कुठे वापरणार हे आधी सांगा आणि ते नको म्हणाले तर नाव लिहू नका.

सगळ्यात मोठा धोका आपल्याच हातून होतो. बिळाचं आणि घरट्याचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर कधीही टाकू नका. हरकतीची प्रतही सार्वजनिक होते, म्हणून तिच्यात ‘गटाच्या ईशान्य भागात’ एवढंच लिहा आणि नेमके बिंदू वेगळ्या बंद लिफाफ्यात उपवनसंरक्षकांना द्या. बिळाजवळ वारंवार गेलात तर मादी पिल्लं हलवते, आणि मग पुरावाही जातो.

५. त्यांचा अहवाल कसा वाचायचा

ईआयए अहवाल जाडजूड असतो, घाबरू नका. पाच ठिकाणी लक्ष द्या.

पाहणीचा काळ. नियमात एका ऋतूची, पावसाळा सोडून केलेली पाहणी चालते. मार्च ते मे मध्ये पाहणी केली की गवत वाळलेलं, पाखरं पांगलेली आणि अहवालात ‘विरळ खुरटी वनस्पती’. माळरानाला ओसाड ठरवण्याचा हाच सोपा रस्ता आहे.

प्रजातींची यादी. दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालातून उचललेली यादी चटकन ओळखू येते: इथे नसलेली झाडं, चुकीची शास्त्रीय नावं, मासे आहेत पण ओढाच नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची बदलल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या. त्यानंतरच्या अहवालात जुन्या अनुसूची दिसल्या तर तेही लिहा. लांडगा, चिंकारा, काळवीट आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. असे प्राणी परिसरात असतील तर अहवालात त्यांच्या संवर्धनाचा आराखडा आहे का ते बघा.

जमिनीचा वापर. ‘पडीक जमीन’ असं लिहिलं असेल तर त्याच जागेची पावसाळ्यातली, उपग्रहावरची आणि जमिनीवरची छायाचित्रं लावा.

वाहतूक. इथे आकडेमोड करा. समजा वर्षाला ६०,००० ब्रास काढणार आणि ३०० दिवस काम. दिवसाला २०० ब्रास. एका डंपरमध्ये ४ ब्रास धरले तर ५० भरलेल्या खेपा, म्हणजे जाऊन-येऊन १०० फेऱ्या. दहा तासांच्या कामात दर सहा मिनिटांना एक डंपर त्या माळावरून जाणार. अहवालात उत्पादन टनांत असेल तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, सैल खडीचा ब्रास साधारण सव्वाचार ते साडेचार टन. डंपरचा नवा रस्ता खाणीच्या क्षेत्रात मोजलेला नसतो, पण अधिवासाचे तुकडे तोच करतो.

हरितपट्टा. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. भरपाई म्हणून माळावर हजारो झाडं लावण्याचं आश्वासन असतं आणि गावकरी टाळ्या वाजवतात. दाट झाडी झाली की माळावरचा धाविक, चंडोल, चिंकारा तिथून जातो. मागणी करायची असेल तर झाडांऐवजी शेडा, पवन्या, मारवेल अशा स्थानिक गवतांचं कुरण राखण्याची करा.

६. हरकत लिहिणं आणि योग्य टेबलावर देणं

‘इथे खूप प्राणी आहेत, खाण नको’ हे वाक्य फाइलमध्ये जागा अडवतं, काम करत नाही. असं लिहा: ‘ईआयए अहवाल पान अमुक, परिच्छेद अमुक येथे पहिल्या अनुसूचीतील प्रजाती नाहीत असे नमूद आहे. गट क्र. अमुकमध्ये दि. अमुक रोजी चिंकाऱ्याची नोंद झाली आहे (छायाचित्र ७). सबब हिवाळी व पावसाळी पाहणी करून अहवाल पुन्हा सादर करावा.’ म्हणजे त्यांचं विधान, तुमचा पुरावा, आणि नेमकी मागणी. पाच मुद्दे पुरे. वीस मुद्द्यांत चांगले पाच हरवतात.

प्रती द्या: जिल्हाधिकारी (खनिकर्म शाखा), राज्य प्राधिकरण आणि त्याची तज्ज्ञ समिती, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, उपवनसंरक्षक. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

ग्रामसभेचा ठराव जोडा. पेसा क्षेत्रात (पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात) गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. इतरत्र ठराव खाण थांबवत नाही, पण त्यात गट नंबर, चराई, पाणवठा आणि प्राण्यांच्या नोंदी असतील तर त्याला वजन येतं. आधीच्या पंचायतीने ना-हरकत दिली असेल तर ती कुठल्या माहितीवर दिली हे तपासा आणि नव्या ठरावात तिचा क्रमांक घालून ती मागे घ्या. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार वन्यजीव आणि अधिवास राखण्याचा अधिकार आहे, तो ठरावात नमूद करा.

७. जनसुनावणी

सुनावणीची किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत जाहिरात यावी लागते, एक स्थानिक भाषेतली. अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो. गणपूर्तीची अट नाही. म्हणून बहिष्कार हा सगळ्यात महागडा चुकीचा निर्णय: कुणी आलं नाही तरी सुनावणी पूर्ण होते आणि इतिवृत्तात ‘हरकत नाही’ असं दिसतं.

बोलणारे वाटून घ्या. एकाने पाहणीचा काळ, दुसऱ्याने वाहतूक, तिसऱ्याने पाणी आणि मेंढ्यांची चराई. प्रत्येकाने बोलल्यावर तेच लेखी द्यावं. चित्रीकरण होतं, तरी आपणही करा. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. तेव्हा उठून जाऊ नका, आपला मुद्दा सुटला असेल तर तिथेच दुरुस्ती मागा.

गोंधळ, घोषणा, माइक ओढणं यांनी सुनावणी थांबली तर दोष गावावर येतो आणि पुरावा वाचलाच जात नाही.

८. मंजुरी मिळालीच तर

पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठात ३० दिवसांत अपील करता येतं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत. नव्वद दिवसांनंतर दार बंद. भरपाई मागत नसाल तर शुल्क १,००० रुपये. मुदत पत्र हातात पडल्यापासून मोजू असं समजू नका. मंजुरी पोर्टलवर किंवा वृत्तपत्रात जाहीर झाली तीच तारीख धरा आणि ‘परिवेश’ दर आठवड्याला पाहा.

अपील करायचं नसेल तरी अटींवर काम करता येतं. मागण्यासारख्या अटी: सूर्यास्त ते सूर्योदय काम आणि दिवे बंद, विणीच्या हंगामात घरट्यांच्या भागाजवळ सुरुंग नाहीत, ओढ्याच्या काठाला हात नाही, वरची माती वेगळी साठवायची, डंपरसाठी एकच ठरलेला रस्ता आणि वेगमर्यादा, क्रशरवर पाण्याचे फवारे आणि पत्र्याचं आच्छादन.

९. खाण चालू झाल्यावर

मंजुरीच्या अटींचा सहामाही पालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो वाचा, जागेवर जाऊन ताडून बघा आणि फरक आढळला तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला छायाचित्रांसह कळवा.

हद्दीबाहेर उत्खनन होत असेल तर तहसीलदारांना तारीख, वेळ, वाहन क्रमांक आणि ठिकाण लिहून द्या. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि यंत्रसामग्री जप्तीची तरतूद आहे. डंपर अडवू नका, रात्री एकट्याने खाणीवर जाऊ नका. सेंटिनेल उपग्रहाची मोफत चित्रं दर काही दिवसांनी येतात, दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. खड्डा हद्दीच्या पुढे सरकला हे घरबसल्या तारखेसह दाखवता येतं.

आणि खाण बंद करण्याचा आराखडा आजच मागून घ्या. सोडून दिलेल्या खाणीत पाणी साचतं, कडे उभे असतात, उन्हाळ्यात पाण्यासाठी उतरलेला चिंकारा किंवा मेंढी वर येऊ शकत नाही. किमान एका बाजूला जनावराला चढता येईल असा सौम्य उतार ठेवायचा, बाकी कड्यांना कुंपण, आणि कपारीत शृंगी घुबडाचं घरटं असेल तर तेवढा कडा तसाच राखायचा. हे तीन मुद्दे खाणकाम आराखड्यात लेखी नसतील तर पट्ट्याच्या नूतनीकरणाच्या वेळी पहिली हरकत त्यावरच घ्या.